साठा एका खोलीत, नाद दुसऱ्या खोलीत : मोडनिंबच्या बारीपासून घरातल्या संगणकापर्यंत (थ्रेड)

१/
घराच्या एका कोपऱ्यात संगणक असतो आणि दिवाणखान्यात ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर. गाणी संगणकात साठवलेली असतात. मधल्या भिंतीतून वायफायच्या लहरी पलीकडे जातात आणि गाणे दिवाणखान्यात उमटते. ही सोय जेमतेम पाव शतकाची. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र सव्वाशे वर्षांहून जुना आहे. गाणे साठवायचे कोठे, ऐकायचे कोठे आणि या दोहोंमधल्या वाटेची किल्ली राहणार कोणाच्या हाती? हा धागा त्या किल्लीच्या इतिहासाचा आहे.

२/
आरंभ जिथे अशी किल्लीच नव्हती तिथून करावा लागतो. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर मोडनिंब हे गाव आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. महाराष्ट्रातील लावणीच्या रसिकांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. संगीत बारीची थिएटरे ज्या मोजक्या ठिकाणी टिकली, त्यांत चौफुला, जामखेड यांच्याबरोबर मोडनिंबचे नाव घेतले जाते.

३/
बारी म्हणजे पाळी. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येक पार्टी आपल्या पाळीने रंगमंचावर येते. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया, पेटी, तबला, ढोलकी एवढा हा संसार. रसिकाने स्वतंत्र बैठक सांगितली, तर तीच कला लहान खोलीत हाताच्या अंतरावर येते. बैठकीच्या लावणीत गायिका बसून अदा करते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ वेगळा उलगडते. ती किती वेळ चालेल, हे समोरच्या मैफलीवर ठरते.

४/
या खोलीत गाण्याचा साठा आणि गाण्याचा नाद एकाच ठिकाणी, एकाच देहात असतो. साठा म्हणजे गायिकेची स्मृती. आईकडून, मावशीकडून, गुरूकडून आलेली. ऐकायचे असेल तर ऐकणाऱ्यानेच तेथवर जायचे. गायिका गेली की तिच्या कंठातील, कोणी न शिकलेली लावणीही तिच्याबरोबर जाते. पुढच्या सर्व यंत्रांनी या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या केल्या. साठा एकीकडे, नाद दुसरीकडे.

५/
पहिला प्रयत्न साठवणुकीशिवायचा होता. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील आवाज दूरध्वनीच्या तारांवरून प्रदर्शनाच्या दालनापर्यंत आणला. श्रोते दोन कानांना दोन श्रवणनळ्या लावून ऐकत आणि गायक डावीकडे आहे की उजवीकडे हे त्यांना जाणवत असे. १८९० मध्ये याच कल्पनेवर ‘थिएटरफोन’ नावाची वर्गणीची सेवा सुरू झाली. संगीत घरी येऊ लागले. पण तार कंपनीची, वेळही कंपनीची. वर्गणी थांबली की गाणेही थांबे.

६/
साठवणुकीची वाट १८७७ मध्ये एडिसनच्या फोनोग्राफने उघडली आणि एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये चपट्या तबकडीचा ग्रामोफोन आणला. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पथक फ्रेड गैसबर्ग याच्यासह १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी बसले. गौहरजान यांचे मुद्रण त्याच मुक्कामातले. ‘संगीत शाकुंतला’पासून मराठी रंगभूमी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत वारले होते. पावणेदोन वर्षांचे अंतर. त्या अंतरामुळे महाराष्ट्राला भाऊरावांच्या आवाजाचे वर्णन वाचावे लागते. बालगंधर्वांचा आवाज मात्र ऐकता येतो.

७/
आरंभीच्या मुद्रणांच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात आणि आगबोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकडी येथेच तयार होऊ लागली. तिच्या मिश्रणातील लाखही याच देशातली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा ख्याल आणि अदेने लांबणारी लावणी या तीन मिनिटांत बसवावी लागली. साठवणुकीच्या भांड्याने गाण्याचा आकार ठरवला. हे पुढेही घडत राहिले.

८/
तरीही तबकडीने एक मोठे काम केले. गुरू ज्या गावी कधी गेला नाही, तेथे त्याचा आवाज गेला. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाण्याच्या ओढीने घराबाहेर पडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. सुंदराबाईंसारख्या गायिकेच्या लावण्या बैठकीत कधी न बसलेल्या घरांत पोचल्या. फोनो विकत घेण्याची ऐपत मात्र थोड्यांचीच होती. किल्ली घरात आली खरी, पण ती श्रीमंताच्या घरात.

९/
नभोवाणीने हा हिशेब उलटा केला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी उघडले. त्याच पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर ऐकवले. एकूण ५६ गीते. साठा केंद्रात, नाद हजारो घरांत. ठरलेल्या वेळी यंत्राजवळ हजर राहणे मात्र श्रोत्यालाच भाग होते.

१०/
१९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोतामंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. ऐकणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे परत जाणारी वाट असावी, ही जाण त्यामागे होती. तो प्रयोग शेतीविषयक माहितीचा होता. संगीताच्या बाबतीत अशी परतीची वाट घरापर्यंत यायला आणखी चार दशके लागली.

११/
दरम्यान ऐकण्याच्या यंत्राची घडण बदलली. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि ख्यालाला पुन्हा श्वास घ्यायला जागा मिळाली. ‘हाय-फाय’ हा शब्द याच काळात रुळला. एकाच पेटीत सारे कोंबण्याऐवजी तबकडी फिरवणारे यंत्र, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वेगवेगळे झाले. ते जोडण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे गोल खोबणी आल्या. ही किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे निर्णायक ठरली. अर्ध्या शतकानंतर संगणक आला, तेव्हा त्याला जोडण्यासाठी जुना ॲम्प्लिफायर टाकून द्यावा लागला नाही. त्याच खोबणीत नवी वायर बसली.

१२/
१९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट काढली. तबकडी केवळ ऐकता येत असे; कॅसेटवर घरच्या घरी आवाज भरताही येऊ लागला. ऐंशीच्या दशकात ती महाराष्ट्रभर स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते पंढरीच्या वाटेवरील दुकानादुकानांतून वाजू लागली. दुसरीकडे, टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या रसिकांनी भजने, कीर्तने, मैफली आणि बैठका भरून ठेवल्या. आजीच्या ओव्यांची एखादी कॅसेट अनेक घरांत आजही असते. किल्ली प्रथमच सर्वसामान्य घरात आली. परंतु साठा नाशवंत होता. ओलाव्याने फितीवर बुरशी चढते, चुंबकीय थर सुटतो, आणि प्रतीची प्रत काढताना दर खेपेस खरखर वाढते.

१३/
यावर उपाय आकड्यांनी काढला. १९८२ मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदास सुमारे २०,००० कंपनांची. तिच्या दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे सेकंदास ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचे आणि डाव्या-उजव्या कानांसाठी हे दोनदा करायचे. एका सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आकड्यांचा गुण असा की प्रत आणि मूळ यांत फरक उरत नाही. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ.

१४/
अडचण जागेची होती. या मापाने एका तासाच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घरगुती संगणकाची हार्ड डिस्क साधारण १ गिगाबाइटची असे. सगळी रिकामी केली तरी दीड तासाचे गाणे मावायचे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी यावर वाट शोधली. मोठ्या आवाजाच्या छायेत दबून जाणारा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. तो नोंदवायचाच नाही. १९९५ च्या जुलैत या फायलींसाठी ‘एमपी-३’ हे नाव ठरले. सेकंदास १२८ किलोबिटांची फाइल मूळच्या अकराव्या हिश्श्यावर येते. जे वगळले ते मात्र कायमचे वगळले.

१५/
त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदास ३३.६ किलोबिटांचा वेग मिळाला, तर चार मिनिटांचे एमपी-३ गाणे उतरवायला पाव तास लागे. त्यातच फोनचे बिल चढे आणि मध्येच लाइन तुटे. १९९९ मध्ये नॅपस्टरने जगभरच्या संगणकांना एकमेकांचे साठे उघडे करून दिले आणि २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशांपुढे ते बंद पडले. संगणक हे गाण्याचे कोठार होऊ शकते, हे मात्र तोवर सर्वांना कळून चुकले होते.

१६/
कोठार भरले, पण ऐकायचे कशावर? संगणकाजवळचे प्लॅस्टिकचे दोन लहान स्पीकर ढोलकीच्या धुम्म्याला न्याय देऊ शकत नव्हते. पहिला उपाय साध्या वायरीचा होता : एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायरच्या त्या जुन्या गोल खोबणींत बसणाऱ्या दोन पिना. आवाज भरदार झाला, पण त्याबरोबर गुणगुणही आली. संगणकाच्या आतील विजेची कुरकुर वायरीतून स्पीकरपर्यंत पोचे. पंख्याची घरघर वेगळीच. मंद्र सप्तकातील षड्ज आणि संगणकाचा पंखा एकाच खोलीत नांदेनात.

१७/
मग विचार उलटा झाला. संगणकच दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि दिवाणखान्यात एक लहानसे, निःशब्द यंत्र असावे. त्याच्या पोटात साठा नाही. साठ्यातून येणारे आकडे घेऊन त्यांचा आवाज करणे एवढेच त्याचे काम. २००१ मध्ये अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने ‘स्लिम्प-३’ हे असे यंत्र आणले. घरच्या संगणकावर एक सर्व्हर-प्रणाली चालायची, तिचे मूळ लिखाण कोणालाही वाचण्या-बदलण्यास खुले होते. २००३ मध्ये त्याच कंपनीचे ‘स्क्वीझबॉक्स’ आले आणि वायरीची जागा वायफायनेही घेता येऊ लागली.

१८/
या व्यवस्थेत पाच कड्या असतात. फाइल, ती वाचून पाठवणारी सर्व्हर-प्रणाली, घरातले नेटवर्क, आकड्यांपासून विद्युत-लहर घडवणारा डॅक, आणि शेवटी ॲम्प्लिफायर-स्पीकर. नेटवर्कवरून आकडे सलग येत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी येतात. म्हणून ग्रहण करणारे यंत्र काही सेकंदांचा साठा आधी करून घेते. दुष्काळी मुलखातल्या घराला हे सांगावे लागत नाही : नळाला पाणी खंडत-खंडत आले तरी टाकी भरलेली असेल तर मोरीतली धार तुटत नाही. टाकी रिकामी झाली की मात्र गाणे मध्येच थबकते.

१९/
वगळलेल्या आकड्यांचा प्रश्नही याच सुमारास सुटला. जॉश कोलसन याने २००० मध्ये ‘फ्लॅक’वर काम आरंभले आणि २००१ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. घडी घातलेला कपडा उलगडला की जसाच्या तसा मिळतो, तसे हे तंत्र. फाइल बरीच आक्रसते, पण एकही बिट हरवत नाही. शिवाय ते कोणाच्या मालकीचे नाही. वापरण्यासाठी परवाना लागत नाही. ब्लूटूथची गोष्ट निराळी. त्यावरून जाणारा आवाज बहुधा पुन्हा एकदा आक्रसला जातो. म्हणून भरदार संचासाठी घरातले नेटवर्क, आणि शक्य तेथे साधी इथरनेट वायर, हाच मार्ग बरा ठरला.

२०/
मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून २००३ मध्ये स्थापन झालेली संघटना पुढे ‘डीएलएनए’ नावाने ओळखली गेली. २००४ मध्ये ॲपलने भिंतीतल्या प्लगमध्ये बसणारे ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ आणले; त्याला ॲम्प्लिफायर जोडता येई. सोनोसची यंत्रे २००५ मध्ये विक्रीस आली. भारतात ही यंत्रे महागच होती आणि महाराष्ट्रात तो काळ भारनियमनाचा. संगणक, राउटर आणि ॲम्प्लिफायर अशी तीन यंत्रे एकदम चालू ठेवायला इन्व्हर्टर लागे. २०१२ मध्ये पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय संगणक आला आणि हौशी मंडळींना हे सारे थोड्या पैशांत घरी जुळवता येऊ लागले.

२१/
मग वारे फिरले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि माहितीचा दर कोसळला. गावोगावच्या फोनवर गाणे थेट वाहू लागले. त्याच वर्षीचा ‘सैराट’ सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात चित्रित झालेला. अजय–अतुल यांनी त्याचे वाद्यवृंद-संगीत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केले होते. एक मुद्रण करमाळ्याच्या रानाचे, दुसरे अमेरिकेतील वाद्यवृंदाचे, आणि दोन्ही मोडनिंबच्या टपरीवर क्षणात ऐकू येणारे. फाइली साठवण्याची गरजच संपली, असे अनेकांना वाटले.

२२/
किल्ली मात्र पुन्हा थिएटरफोनच्या कंपनीकडे गेली होती. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचा करार लांबला नाही आणि ‘सैराट’ज्या कंपनीकडे आहे, तिची गाणी त्या सेवेवरून उतरली. पुढे ती परतली. पण मधल्या काळात श्रोत्याच्या हाती काही नव्हते. २०२४ मध्ये एअरटेलने आपली विंक ही संगीतसेवाच गुंडाळली. त्याच वर्षी लॉजिटेकने, ज्याने २००६ मध्ये स्लिम डिव्हायसेस विकत घेतली होती, स्क्वीझबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद केली. यंत्रे तरीही मुकी झाली नाहीत. ज्यांच्या घरच्या संगणकावर सर्व्हर आणि फाइली होत्या, त्यांचे गाणे चालूच राहिले. ती खुली प्रणाली स्वयंसेवकांनी ‘लिरियन’ या नावाने पुढे चालवली आहे.

२३/
महाराष्ट्रात साठा राखण्याचे व्रत घेतलेली माणसे यापूर्वीपासून होती. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचे काम दीर्घकाळ वाहिले आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या, क्रमांक आणि हकीकती नोंदल्या गेल्या. जुन्या बाजारातून, रद्दीतून, वारसांनी टाकून दिलेल्या ट्रंकांतून तबकड्या वेचायच्या, पुसायच्या, वाजवायच्या आणि संगणकात उतरवायच्या, असे हे काम. बालगंधर्वांच्या काळातील नाट्यपद आज कोणी सहज ऐकतो, त्यामागे अशा संग्राहकांच्या घरांतील कपाटे असतात.

२४/
त्याहून विलक्षण काम जात्यावरच्या ओव्यांचे. त्यांना कधी श्रोतेच नव्हते. पहाटे जात्यावर बसलेल्या दोघी जणी, इतकीच ती मैफल. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. १ लाखाहून अधिक ओव्यांचा संगणकीय संग्रह उभा राहिला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. आता हा संग्रह ‘परी’ या ग्रामीण भारताच्या दफ्तरातून खुला होत आहे. पिठाची गिरणी आल्यावर जाते थांबले. तोवर ओवी फाइलीत उतरली होती. थोडक्यात वाचली.

२५/
बैठकीच्या लावणीच्या वाट्याला एवढे भाग्य आले नाही. चित्रपटातल्या लावण्या तबकडीवर गेल्या. सुलोचना चव्हाण यांचा आवाज घराघरांत पोचला. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, १०० वर्षांहून अधिक आयुष्य लाभले, आणि त्यांच्या अदेचे काही चित्रण झाले. परंतु संगीत बारीतील असंख्य गायिकांच्या आवाजाची नोंद कोठल्याच कंपनीच्या यादीत नाही. गेल्या काही दशकांत मोठ्या रंगमंचांवर तयार ट्रॅकवर नाचण्याची रीत फैलावली. पेटी, तबला आणि जिवंत गळा ही बारीची ओळख. तिला आव्हान मुद्रित गाण्याचेच आहे. ज्या यंत्राने कंठ जपायचा, तेच यंत्र कंठाची जागा घेऊ लागले.

२६/
म्हणून घरातल्या संगणकाचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. एका जुन्या कॅसेटवर एखाद्या रसिकाने मोडनिंबला, पंढरपूरला किंवा वाईला भरलेली बैठक असू शकते. ती कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर मिळणार नाही, कारण ती कधी प्रकाशितच झाली नाही. ९० मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण दर्जाने १ गिगाबाइटहूनही कमी जागा लागते. फ्लॅकमध्ये त्याहूनही थोडी. १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये १,५०० तासांहून अधिक संगीत मावते. १९९५ मध्ये जागा नव्हती. आज जागा आहे, पण फितीकडे वेळ उरलेला नाही.

२७/
रीतही अवघड नाही. चालू स्थितीतला कॅसेट-डेक, त्याची चुंबकी डोकी स्वच्छ पुसलेली, तेथून संगणकात नेणारी वायर, ध्वनिमुद्रणाची मोफत प्रणाली. एकदाच, पूर्ण, कापाकापी न करता उतरवून घ्यावे. खरखर काढायची ती प्रतीतून, मुळातून नव्हे. फाइलीला नाव देताना गायिका, वादक, गाव, साल आणि भरणाऱ्याचे नाव लिहावे. नाव नसलेला आवाज पुढच्या पिढीला अनोळखी ठरतो. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावी. गायिका किंवा तिचे कुटुंब हयात असेल, तर जाहीर करण्याआधी त्यांची संमती घ्यावी. तो आवाज मुळात त्यांचा आहे.

२८/
कायद्यानेही थोडी वाट मोकळी केली आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांची मुद्रणे आता त्या मुदतीबाहेर गेली आहेत. गीतकार-संगीतकारांचे हक्क मात्र वेगळे आणि त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालणारे, हे भान ठेवावे लागते.

२९/
१८८१ च्या तारेपासून आजच्या वायफायपर्यंत नादाची वाट दर पिढीला सुलभ होत गेली. साठा मात्र कधी श्रोत्याच्या घरात आला, कधी कंपनीकडे परत गेला. जे गाणे सर्वांना हवे असते, ते कोणी ना कोणी जपतेच. त्यात व्यापार आहे. जे गाणे एका खोलीत, वीस माणसांसमोर, एकदाच झाले, ते जपायला त्या वीसांपैकीच कोणीतरी लागतो. त्याच्या कपाटातील कॅसेट आणि कोपऱ्यातील संगणक यांच्यामध्ये हातभर वायरीचे अंतर आहे. ते अंतर ओलांडले, तर पलीकडच्या खोलीत स्पीकरमधून पेटीचा पहिला सूर निघेल आणि ज्या गळ्याचे नाव कोणत्याही यादीत नाही, तो पुन्हा गाऊ लागेल.

(धागा समाप्त)